सिनेमाचं परीक्षण छापता, मग गेमचं का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शुक्रवारी सिनेमा लागला की शनिवार-रविवारी तुमच्या पेपरात त्याचं परीक्षण येतं, वर स्टारही असतात. वाशीच्या भावे नाट्यगृहात किंवा ठाण्यात गडकरीला नवं नाटक आलं की त्यावर सविस्तर लिहून येतं, पुस्तकांना रविवारची जागा असते, हल्ली तर ओटीटीवर काय बघावं याचीही चौकट येते. आणि आमच्या ऐरोलीतल्या बिल्डिंगा-बिल्डिंगांमधली पोरं रोज संध्याकाळी ज्यात बुडालेली असतात त्या गेमबद्दल तुमच्याकडे दोनच प्रकारचं काहीतरी येतं, एक तर गेमच्या नादात कुणीतरी काहीतरी करून घेतलं ही बातमी, नाहीतर मोबाइलच्या व्यसनावर डॉक्टरांचा सल्ला. दोन्ही छापायला हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एखादा गेम बरा आहे की टुकार, कसा बनवलाय, कुणाच्या हातात द्यावा आणि कुणाच्या नाही, हे आमच्या घरी येणाऱ्या पेपरात मी तरी कधी वाचलेलं नाही. ते छापा, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय, पण जरा लांबणार आहे.

आधी मी कोण ते सांगते. पन्नाशीला टेकलेली बाई, घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांच्या गणिताच्या ट्यूशन घेते. आणि गेम खेळते. मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा तो मोठा कॉम्प्युटर इथेच राहिला, धूळ खात ठेवायचा कशाला म्हणून मी बसायला लागले ते बसतेच आहे. रात्री ओटा आवरला, दुधाला विरजण लावलं की हेडफोन कानाला. मिस्टरांनी काय चाललंय हे विचारणं केव्हाच सोडलंय, फक्त मधेच मी ‘आई गं’ ओरडले की आतून ‘पकडलं वाटतं’ एवढं म्हणतात आणि कूस बदलतात.

धडाधड गोळ्या झाडायचे गेम मला जमत नाहीत, बोटं तेवढी चालत नाहीत आणि आवडतही नाहीत. माझा प्रकार म्हणजे लपून राहायचे, भीतीचे गेम. यात तुमच्या हातात शस्त्र नसतं, किंवा असून नसल्यासारखं असतं, आणि एकच कुणीतरी हात धुवून तुमच्या मागे लागलेलं असतं जे मरत नाही, दमत नाही, कंटाळत नाही. त्याच्या नाकासमोर तुम्ही किल्ल्या शोधायच्या, वायरी जोडायच्या, दाराचे आकडे जुळवायचे. लहानपणी डबा ऐसपैस खेळायचो ना, तसंच. ज्याच्यावर राज्य तो डब्यापाशीच घुटमळणार, नुसतं लपून बसलात तर सुटका नाही, डब्याला लाथ मारायला कधीतरी बाहेर यावंच लागतं, आणि ते कधी यायचं एवढाच काय तो सगळा खेळ.

तुमच्या समीक्षकाने गेमवर लिहायचं ठरवलं तर काय-काय लिहिता येईल हे दाखवायला एकच गेम घेते, ‘एलियन: आयसोलेशन’. २०१४ चा आहे, जुना झाला, पण या प्रकारात माझ्या मते अजून त्याच्या तोडीचा नाही. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्लीने बनवला आणि सेगाने बाजारात आणला. गंमत म्हणजे ही कंपनी ओळखली जायची ती ‘टोटल वॉर’ या लढायांच्या गेमसाठी, म्हणजे पडद्यावर हजारो सैनिक हलवायची सवय असलेल्या लोकांनी परग्रहावरचा एकच प्राणी बनवायला घेतला आणि त्या एका प्राण्यावर अख्खा गेम उभा केला. गोष्ट अशी की १९७९ च्या ‘एलियन’ सिनेमातल्या रिप्लीची मुलगी अमांडा, ही इंजिनियर आहे, आई बेपत्ता होऊन पंधरा वर्षं झालीत आणि तिचा काही पत्ता लागेल म्हणून ती सेवास्तोपोल नावाच्या अवकाश स्थानकावर जाते. स्थानक मोडकळीला आलेलं, माणसं एकमेकांना घाबरून कोपऱ्याकोपऱ्यात दडलेली, आणि वरच्या डक्टमधून, म्हणजे छतातल्या हवेच्या बोगद्यांतून, तो प्राणी फिरतोय. सगळी यंत्रं १९७९ मध्ये भविष्य जसं वाटायचं तशी, हिरव्या अक्षरांचे जाडजूड मॉनिटर, खटखट वाजणारी बटणं. आईला शोधत निघालेली मुलगी म्हटल्यावर मी तिथेच अडकले हे वेगळं सांगायला नको.

आता खेळायचं कसं. अमांडाच्या हातात एक छोटं यंत्र असतं, आसपास काही हललं की त्यावर ठिपका येतो आणि टिकटिक होते. पण फक्त हललं तर. तो प्राणी स्तब्ध उभा असेल तर यंत्राला काहीच दिसत नाही. शिवाय यंत्राकडे बघितलं की समोरचं सगळं धूसर होतं, म्हणजे एक तर यंत्र बघा नाहीतर रस्ता. आणि तो जवळ असला तर ती टिकटिक त्यालाही ऐकू जाते! छतातल्या झडपेतून लाळ टपकत असेल तर त्याखालून जायचं नाही, वर तो दबा धरून बसलाय. पळायचं नाही, पावलं वाजतात. लॉकरमध्ये शिरून दार लावून घेता येतं, पण तो येऊन लॉकर हुंगायला लागला की मागे रेलून श्वास रोखायचा, आणि जास्त वेळ रोखला तर अमांडाचा जीव कमी होत जातो, असा तो दोन्हीकडून अडकवणारा प्रकार. पुढे एक आग फेकायचं यंत्र मिळतं, त्याने तो मरत नाही, पळून जातो, आणि हळूहळू त्या आगीलाही सरावतो. गेम आपोआप सेव्हही होत नाही. भिंतीवरच्या मशीनपर्यंत जायचं, कार्ड घालायचं आणि एकेक करत तीन दिवे लागेपर्यंत पाठ उघडी टाकून उभं राहायचं. त्या तीन दिव्यांत जेवढा घाम फुटतो तेवढा आख्ख्या भयपटात फुटत नाही.

म्हणून मी म्हणते हा कानाने खेळायचा गेम आहे. डोळ्यांना अर्धवटच दिसतं, बाकी सगळं ऐकून ठरवायचं, डक्टमध्ये धडधड होतेय म्हणजे तो वर आहे, मग आत्ता हला, धप्प आवाज आला म्हणजे खाली उतरला, आता गप्प. टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांना, म्हणजे प्लेस्टेशन ४ ला त्याचा कॅमेरा किंवा एक्सबॉक्स वनला त्याचा किनेक्ट जोडला तर त्यातल्या माइकवरून तुमच्या खोलीतला आवाजसुद्धा त्या प्राण्याला ऐकू जाईल अशी सोय बनवणाऱ्यांनी ठेवली होती. आमच्याकडे ते नाही म्हणून बरं, नाहीतर शेजारच्या फ्लॅटमधल्या रात्रीच्या मिक्सरने माझा जीव रोजच घेतला असता.

आणि यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तर पडद्यावर दिसतच नाही. त्या प्राण्याला चालवणारे मेंदू, म्हणजे प्रोग्राम, दोन आहेत. एक वरचा, त्याला तुम्ही कुठे आहात हे कायम माहीत असतं. दुसरा प्राण्याचा स्वतःचा, त्याला माहीत नसतं, त्याने डोळे-कान वापरूनच शोधायचं. वरचा खालच्याला नेमका पत्ता कधीच देत नाही, फक्त साधारण या बाजूला बघ एवढं सुचवतो. म्हणून तो सतत तुमच्या आसपासच घोटाळतो पण थेट लॉकरपाशी येऊन उभा राहत नाही, आणि शोधून काढलंच तर त्याने खरंच शोधलेलं असतं, चीटिंग केलेली नसते. शिवाय तुमच्यावरचा ताण किती वाढलाय याचंही माप तो वरचा मेंदू ठेवतो, फार वेळ प्राणी डोक्यावर बसला असेल तर त्याला परत डक्टमध्ये पाठवून देतो आणि तुम्हाला जरा श्वास घेऊ देतो. मला विचाराल तर न थांबणारा पाठलाग भीतीदायक नसतोच, दहा मिनिटांत माणूस बधिर होतो. मधे सोडायचं आणि परत गाठायचं, हे ज्याला जमलं त्याचा गेम चांगला.

ही युक्ती आजची नाहीये बरं का. १९८० चा पॅकमॅन आठवा, नामको कंपनीच्या तोरू इवातानींनी बनवलेला, माझ्या भावाच्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये होता. त्यातली चार भुतं आम्हाला सारखीच वाटायची पण चौघांचे स्वभाव वेगळे आहेत, लाल सरळ पाठी लागतं, गुलाबी तुमच्या तोंडाच्या पुढची जागा धरून वाट अडवतं, केशरी जवळ आलं की उलटं आपल्या कोपऱ्याकडे वळतं, आणि मधेमधे काही सेकंद सगळीच आपापल्या कोपऱ्यात जातात. म्हणजे दम खाऊ द्यायचं तेव्हापासून ठरलेलं आहे. पुढे १९९९ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ३’ मध्ये नेमेसिस नावाचा राक्षस दार उघडून मागोमाग पुढच्या खोलीतही यायला लागला, दार लावलं की सुटलो हा भरवसा संपला. २०१० च्या ‘अ‍ॅम्नेशिया’ने तर हातातलं शस्त्रच काढून घेतलं, त्यात राक्षसाकडे नुसतं टक लावून बघितलं तरी आपलं डोकं फिरायला लागतं. याच लोकांचा २०२३ चा ‘अ‍ॅम्नेशिया: द बंकर’ अजून डोक्यात आहे, पहिल्या महायुद्धातला बंकर, जनरेटरला पेट्रोल मिळालं तरच लाइट, आणि हातातली बॅटरी दोरी ओढून चार्ज करायची तर तिचाच घर्रर्र आवाज होतो आणि तिथला राक्षस येतो.

नुसतं कौतुक करतेय असं वाटू नये म्हणून सांगते, ‘एलियन’ लांबलाय. निम्म्याच्या पुढे आता संपला आता संपला म्हणता म्हणता नवीन काम निघत राहतं, मधे बराच वेळ तो प्राणी बाजूला आणि यंत्रमानवच समोर येत राहतात, त्यात ती मजा नाही. आणि एक गोष्ट मला खटकते, आवाज करणारी वस्तू फेकून त्या प्राण्याला दुसऱ्या माणसांच्या अंगावर सोडता येतं. गेम ते करू देतो, कोणी बोलत नाही, पण शाळकरी मुलाच्या आईला हे खेळायच्या आधी माहीत असायला हवं. त्या वेळी परदेशातल्या समीक्षकांचंही एकमत नव्हतं, ‘पीसी गेमर’ मासिकाने १०० पैकी ९३ दिले आणि ‘आयजीएन’ वेबसाइटने १० पैकी ५.९. एवढा फरक! दोघांनीही आपापली कारणं सविस्तर लिहिली होती, वाचणाऱ्याने ठरवायचं आपली प्रकृती कोणती ते. असे वाद नाटकांवर आपल्याकडे किती रंगतात, मग गेमवर का रंगू नयेत?

आता मुलांकडे येते. माझ्या ट्यूशनमधली मुलं ‘एलियन’ खेळत नाहीत, त्यांचा गेम म्हणजे ‘ग्रॅनी’. २०१७ चा, मोबाइलवर फुकट, कुणाच्याही आईच्या फोनमध्ये सापडेल. एका घरात तुम्ही कोंडलेले, हातात बॅट घेतलेली म्हातारी फिरतेय, तिला सगळं ऐकू येतं. हातातली वस्तू पडली किंवा करकरणाऱ्या फळीवर पाय पडला की आलीच. तिने पकडलं की एक दिवस गेला, असे पाच दिवस. पलंगाखाली, कपाटात लपायचं आणि दाराची एकेक कडी सोडवायला हातोडी, पक्कड, किल्ली असलं काहीबाही शोधायचं, आणि दर वेळी वस्तूंच्या जागा बदललेल्या. सातवीतली एक मुलगी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्या घराचे सगळे मजले काढून बसली होती, कुठल्या ड्रॉवरमध्ये आधी बघायचं, म्हातारी वर असेल तर कुठला जिना धरायचा, सगळं खुणा करून. भूमितीत कधी एवढी स्वच्छ आकृती तिने मला काढून दाखवली नाही. पण तिच्याच शेजारी बसून तिसरीतला धाकटा भाऊ तो गेम बघायचा, आणि तो पुढे कितीतरी दिवस एकटा बाथरूमला जाईना, आई दारात उभी पाहिजे. गेम तोच, फोन तोच, एका घरात दोन मुलांवर दोन परिणाम. ‘हॅलो नेबर’चंही तसंच, तोही २०१७ चाच, दिसायला कार्टूनसारखा म्हणून आईवडील बिनधास्त देतात. त्यातला शेजारी तुम्ही कुठल्या खिडकीतून घुसता ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथेच सापळा लावून ठेवतो, कल्पना झकास आहे, पण कोडी इतकी अचाट आहेत की मोठ्यांचंही डोकं चालत नाही, मुलं शेवटी यूट्यूबवर बघूनच पुढे जातात.

तर हे कुणी कुणाला सांगायचं? सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, आता तर यूए मध्येही ७+, १३+, १६+ अशी फोड केलीय, कुणीतरी माणसं बसून सिनेमा बघतात आणि सर्टिफिकेट देतात. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं जे दिसतं ते तसं मिळत नाही. गेम बनवणाऱ्याने एक प्रश्नावली भरायची, रक्त आहे का, भीती आहे का, शिव्या आहेत का, आणि त्या उत्तरांवरून रेटिंग आपोआप निघतं. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, एवढ्या लाखो गेमना दुसरं काय करणार, पण ते आकडे किती पालक बघतात? माझ्याकडे येणाऱ्या पालकांना विचारलं तर अर्ध्यांना वाटतं की ते फोनचं व्हर्जन आहे. ‘एलियन’ला युरोपात १८ चं रेटिंग आहे आणि २०२१ पासून तो फोनवरही मिळतो, म्हणजे कॉम्प्युटर घेऊन दिला नाही म्हणून सुटलो असंही नाही.

वर आणखी एक घोळ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, तेव्हा आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकले, बरं झालं, सुटलो, गेम बंद झाले. अहो, बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर. ई-स्पोर्ट्स, म्हणजे गेमच्या स्पर्धा, आणि साधे करमणुकीचे गेम त्या कायद्यात वेगळे धरलेत. तुमच्या पेपरात बातमी बरोबर होती, मी वाचली, पण मथळ्यात नुसतं ‘गेमिंग’ असलं की रमी, पबजी, लुडो आणि माझा बिचारा लॉकरमध्ये लपायचा गेम, सगळे एकाच गोणीत जातात. नेमाने कुणी गेमवर लिहीत असेल तर वाचणाऱ्यालाही हा फरक कळायला लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आठवड्याला एक गेम, अर्धा रकाना. त्यात गोष्ट थोडक्यात, खेळायचं कसं, किती वेळ लागतो, मधे थांबता येतं की नाही (हे फार महत्त्वाचं, जेवायला हाक मारली की ‘सेव्ह होत नाहीये’ हे उत्तर दर वेळी खोटं नसतं), फुकट म्हटलं तरी आत पैसे मागतो का, जाहिराती कसल्या येतात, भीती कुठल्या जातीची आहे, म्हणजे दचकवणारी की दबा धरणारी, आणि लिहिणाऱ्याने स्वतः तो खेळलेला असावा. शेवटचं फार गरजेचं. नाटक न बघता परीक्षण लिहिलं तर तुम्ही छापाल का? लिहिणारी माणसं शोधायला लांब जायला नको, ठाणे-वाशी लोकलमध्ये संध्याकाळी माइंडस्पेस आयटी पार्कमधून सुटलेली निम्मी तरुण मंडळी याच विषयावर तावातावाने बोलत असतात, मराठीतच बोलतात, फक्त लिहायला कुणी विचारलेलं नाही. आणि मुलांकडूनही लिहून घ्या, सातवी-आठवीची मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा कडक परीक्षक असतात, त्यांना फसवलेलं लगेच कळतं.

मे महिन्याच्या सुट्टीच्या आधी सुरू केलंत तर उत्तम, कारण सुट्टीत आईबाप कामावर आणि फोन पोरांच्या हातात. पहिल्या आठवड्यात ‘ग्रॅनी’च घ्या असं मी सुचवेन, ‘एलियन’ नंतर कधीही चालेल. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर पॅकमॅनचा परिच्छेद कापा, प्ले स्टोअरच्या प्रश्नावलीचा कापू नका. आणि नाव छापू नये ही विनंती, ट्यूशनच्या पोरांना कळलं की मी काय खेळते तर अपूर्णांक बाजूलाच राहतील.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई